सांध्यांच्या क्रीडा-इजा : उपचारांचा इतिहास

खेळताना किंवा व्यायाम करताना सांध्यावर त्याच्या स्वाभाविक मर्यादेपलीकडे ताण, पीळ वा आघात आल्यास सांध्याच्या घटकांना ज्या इजा होतात, त्यांना सांध्यांच्या क्रीडा-इजा म्हणतात. सांधा मुरगळणे, अस्थिबंध तुटणे, सांधा निखळणे, गुडघ्यातील उपास्थी फाटणे आणि अतिश्रमामुळे कंडरा दुखावणे हे त्यांचे प्रमुख प्रकार होत. घोटा, गुडघा, खांदा व कोपर या सांध्यांना त्या विशेषेकरून होतात. त्यांच्या उपचारांची लिखित परंपरा सुमारे अडीच हजार वर्षांची आहे. या दीर्घ इतिहासात दोन प्रश्न पुनःपुन्हा पुढे आलेले दिसतात. इजा झालेला सांधा किती काळ निश्चल ठेवावा व केव्हा हलवावा, हा पहिला. आणि बिघडलेला भाग काढून टाकावा, दुरुस्त करावा की तसाच राहू द्यावा, हा दुसरा. या प्रश्नांची उत्तरे अनेकदा बदलली आहेत. जे उपचार दीर्घकाळ निर्विवाद मानले गेले, त्यांतील काही रुग्णांचा पुढील आयुष्यक्रम तपासल्यावर सदोष ठरले.

सांध्याची रचना व इजांचे स्वरूप : हालचालक्षम सांध्यात हाडांची टोके गुळगुळीत उपास्थीने आच्छादलेली असतात. त्यांभोवती संधिकोशाचे आवरण असते व आतील पातळ द्रव वंगणाचे काम करतो. हाडाला हाड जोडणाऱ्या चिवट पट्ट्यांना अस्थिबंध, तर स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोऱ्यांसारख्या भागाला कंडरा म्हणतात. अस्थिबंध सांध्याला दिशा व मर्यादा घालून देतात. मुरगळण्यात त्यांचे काही तंतू ताणले जातात किंवा तुटतात. संपूर्ण अस्थिबंध तुटल्यास सांधा अस्थिर होतो. हाडाचे टोक आपल्या खोबणीतून पूर्णपणे सरकल्यास सांधा निखळतो. गुडघ्यात याखेरीज दोन अर्धचंद्राकृती उपास्थी आणि एकमेकांस छेदून जाणारे दोन स्वस्तिकाकार अस्थिबंध असतात. पाय जमिनीवर रोवलेला असताना शरीर एकदम वळले, तर पुढचा म्हणजे अग्र स्वस्तिकाकार अस्थिबंध तुटण्याचा संभव असतो. उपास्थीला व सांध्याच्या आतील अस्थिबंधांना रक्तपुरवठा अल्प असल्याने हे भाग स्नायू किंवा हाड यांच्याप्रमाणे सहज भरून येत नाहीत. सांध्याच्या इजांच्या उपचारांत ज्या अडचणी आल्या, त्यांतील बऱ्याचशा या एका गोष्टीतून उद्‌भवल्या आहेत.

प्राचीन काळ : ग्रीसमध्ये व्यायामशाळा व कुस्तीचे आखाडे हे नागरिकांच्या जीवनाचे अंग होते. त्यामुळे हिपॉक्राटीझ यांच्या नावावर मोडणाऱ्या ग्रंथसमूहातील सांध्यांविषयीच्या ग्रंथात (इ. स. पू. पाचवे–चौथे शतक) निखळलेल्या खांद्याला मोठे स्थान मिळाले आहे. रुग्णाच्या काखेत टाच रोवून हात ओढण्याची त्यात वर्णिलेली रीत पुढे शतकानुशतके वापरात राहिली. ज्यांचा खांदा वारंवार निखळतो, त्यांना मल्लविद्या सोडावी लागते व युद्धातही ते दुबळे ठरतात, याची दखल ग्रंथकर्त्याने घेतली आहे. अशा रुग्णाच्या काखेत तापलेल्या लोखंडाने डाग देऊन तेथे आकसणारा व्रण निर्माण करावा आणि सैल झालेली जागा आवळून घ्यावी, असा उपाय त्याने सुचविला. उपाय क्रूर खरा. पण दोष सांध्याच्या सैल झालेल्या बाजूत आहे, हे त्यामागील निदान अचूक होते.

पर्गामम येथे इ. स. १५७ च्या सुमारास ग्लॅडिएटरांचे वैद्य म्हणून नेमले गेलेले गेलेन यांना अशा इजांचा निकटचा अनुभव होता. वयाच्या पस्तिसाव्या वर्षी आखाड्यात त्यांच्या स्वतःच्या खांद्याला इजा झाली. तेथील शिक्षकाने दंडाचे हाड निखळल्याचे समजून ते बसविण्यास सुरुवात केली. परंतु गेलेन यांनी आपली काख चाचपून पाहिली आणि दंडाचे हाड जागेवरच असून गळपट्टीचे हाड खांद्याच्या फऱ्यापासून सुटले आहे, असे निदान केले. त्यांनी स्वतः लिहून ठेवलेली ही हकिकत खेळाडूने आपल्याच सांध्याच्या इजेचे निदान केल्याच्या आद्य नोंदींपैकी एक होय.

भारतात सुश्रुतसंहितेत या विषयाचे पद्धतशीर विवेचन आढळते. तीत भग्नाचे संधिमुक्त व कांडभग्न असे दोन वर्ग केले असून संधिमुक्ताचे म्हणजे सांधा निखळण्याचे सहा प्रकार दिले आहेत. ओढणे, दाबणे, जुळविणे व बांधणे असा उपचारांचा क्रम सांगितला आहे. बंध सैल असल्यास सांधा स्थिर राहत नाही आणि फार घट्ट असल्यास सूज व वेदना होतात, अशी सूचना तीत आहे. ऋतुमानानुसार बंध किती दिवसांनी बदलावा हेही सांगितले आहे. तळहाताच्या भग्नानंतर रुग्णाने प्रथम मातीचा गोळा, मग सैंधवाचा खडा आणि हातात बळ आल्यावर दगड धरावा, हे सुश्रुतांचे सांगणे विशेष लक्षणीय आहे. भार क्रमाक्रमाने वाढवून गेलेली शक्ती परत मिळविण्याचे जे तत्त्व आज पुनर्वसनाचा पाया मानले जाते, तेच येथे स्पष्टपणे मांडलेले आहे.

हाडवैद्य व तालीम : ग्रंथांतील हे ज्ञान व्यवहारात मुख्यतः परंपरागत हाडवैद्यांच्या हाती राहिले. महाराष्ट्रात कुस्तीच्या तालमींमध्ये वस्तादाला पुष्कळदा हे कामही करावे लागे. उतरलेला खांदा बसविणे, मुरगळलेल्या घोट्यास आंबेहळद व रक्तबोळ यांचा लेप लावणे, बांबूच्या कांब्या लावून बांधणे या गोष्टी तालमीत नित्याच्या होत्या. अशा उपचारकांचा हात अनुभवाने तयार झालेला असे व साध्या इजांत त्यांचा उपयोगही होई. मात्र निखळलेल्या सांध्याबरोबर हाडही मोडले आहे की काय, हे ओळखण्याचे निश्चित साधन त्यांच्यापाशी नव्हते. ताज्या इजेवर जोराने मर्दन केल्यास रक्तस्राव व सूज वाढते, तर करकचून बांधल्यास रक्तप्रवाह अडून अवयव गमावण्याची वेळ येते, हे धोके आजही आहेत.

यूरोपातही स्थिती फारशी वेगळी नव्हती. इंग्लंडमध्ये खेळाडू व कामगार बहुधा हाडवैद्यांकडेच जात आणि पदवीधर वैद्य त्यांचा उपहास करीत. तथापि सर जेम्स पॅजेट यांनी १८६७ मध्ये हाडवैद्य बरे करीत असलेल्या रुग्णांविषयी व्याख्यान देऊन, त्यांच्याकडून शिकण्यासारखे काय आहे याचा विचार करण्याचे आवाहन आपल्या व्यवसायबंधूंना केले. व्हार्टन हुड या वैद्याने रिचर्ड हटन या हाडवैद्याची पद्धती प्रत्यक्ष पाहून ती १८७१ मध्ये प्रसिद्ध केली. दीर्घ विश्रांतीमुळे आखडलेले सांधे हाडवैद्य हालचाल देऊन मोकळे करतात, हे त्यांच्या यशाचे रहस्य असल्याचे तीवरून दिसून आले.

विश्रांती की हालचाल : त्या काळी अधिकृत वैद्यकाचा कल विश्रांतीकडे होता. जॉन हिल्टन यांनी १८६० नंतरच्या काही वर्षांत विश्रांतीच्या उपचारमूल्याविषयी दिलेली व्याख्याने प्रमाणभूत मानली जात. डच सेनेतील वैद्य आंटोनियस माथायसेन यांनी १८५२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्लॅस्टरच्या पट्टीमुळे सांधा जखडून ठेवणे सोपे झाले. हाडवैद्यांच्या घराण्यात जन्मलेले लिव्हरपूलचे ह्यू ओवेन टॉमस (१८३४–९१) हे तर अखंड व प्रदीर्घ विश्रांतीचे कट्टर पुरस्कर्ते होते. याउलट फ्रान्समध्ये ल्यूका-शांप्योनियेर यांनी मर्दन व लवकर हालचाल यांचा आग्रह धरला. क्षयाने ग्रासलेल्या सांध्याला दीर्घ विश्रांती हितकर होती. परंतु तोच नियम मुरगळलेल्या घोट्याला लावल्याने स्नायू रोडावत व सांधे आखडत. दोन भिन्न विकारांना एकच उपचार लावण्याची ही चूक पुढे बराच काळ चालू राहिली.

गुडघा : शस्त्रक्रियेच्या इतिहासात गुडघ्याचे स्थान मध्यवर्ती आहे. एडिंबरो येथील टॉमस ॲनंडेल यांनी १८८३ मध्ये एका रुग्णाची सुटलेली अर्धचंद्राकृती उपास्थी टाके घालून जागेवर बसविली. लीड्स येथील मेयो रॉबसन यांनी १८९५ मध्ये स्वस्तिकाकार अस्थिबंध शिवून दुरुस्त केले. हे दोन्ही रुग्ण खेळाडू नसून खाणकामगार होते. अवघडलेल्या स्थितीत गुडघ्यांवर भार देऊन काम करणाऱ्या या वर्गात गुडघ्याच्या इजा सामान्य होत्या. पुढे फुटबॉलचा प्रसार झाल्यावर त्याच इजा खेळाडूंत मोठ्या प्रमाणावर दिसू लागल्या. ब्रिस्टलचे अर्नेस्ट हे ग्रोव्ह्‌ज यांनी १९१७ मध्ये मांडीच्या बाहेरील बाजूची प्रावरणी वापरून तुटलेल्या अस्थिबंधाच्या जागी नवा बंध घडविला. आजच्या पुनर्रचना-शस्त्रक्रियेचे मूळ त्यात आहे.

ॲनंडेल यांनी दाखविलेला दुरुस्तीचा मार्ग मात्र लवकरच मागे पडला. अर्धचंद्राकृती उपास्थी म्हणजे स्नायूंचे निरुपयोगी अवशेष होत, असे मत जॉन ब्लँड-सटन यांनी १८९७ मध्ये मांडले होते. असा भाग फाटल्यास तो समूळ काढून टाकणे हाच राजमार्ग ठरला. रुग्णाचा अडकणारा गुडघा मोकळा होई, काही आठवड्यांत खेळाडू मैदानावर परते आणि शस्त्रक्रिया यशस्वी झाली असे सर्वांना वाटे. टी. जे. फेअरबँक यांनी १९४८ मध्ये अशा रुग्णांच्या गुडघ्यांची क्ष-किरण चित्रे तपासली, तेव्हा हाडांमधील अंतर कमी होणे, कडेला हाडाची धार वाढणे व मांडीच्या हाडाचा गोलावा सपाट होणे असे बदल त्यांना आढळले. उपास्थी निरुपयोगी नसून गुडघ्यावरील भाराचा मोठा वाटा ती वाहून नेते, हे पुढील संशोधनाने सिद्ध झाले. तरीही संपूर्ण उपास्थी काढण्याची प्रथा त्यानंतर सुमारे तीन दशके चालू राहिली. विशीत उपास्थी गमावलेल्या अनेकांच्या गुडघ्यांची झीज चाळिशी-पन्नाशीत उघड झाली. शस्त्रक्रियेचे यश खेळाडू किती आठवड्यांत परतला यावर न मोजता तो वीस वर्षांनी कसा चालतो यावर मोजले पाहिजे, हा धडा वैद्यकाला या अनुभवाने दिला.

संधिदर्शक : गुडघा मोठा छेद देऊन न उघडता आत पाहता यावे, यासाठीचे प्रयत्न विसाव्या शतकाच्या आरंभी सुरू झाले. टोकिओ येथील केंजी ताकागी यांनी १९१८ मध्ये मूत्राशय पाहण्याच्या नळीने मृत शरीरातील गुडघ्याचा अंतर्भाग पाहिला. स्वित्झर्लंडमध्ये ऑयगेन बिर्खर यांनी १९२१ मध्ये अशाच तपासणीचा वृत्तांत प्रसिद्ध केला. ताकागी यांचे शिष्य मासाकी वातानाबे यांनी १९६० च्या सुमारास ‘क्रमांक २१’ हा व्यवहारोपयोगी आर्थ्रोस्कोप म्हणजे संधिदर्शक तयार केला आणि ४ मे १९६२ रोजी त्याच्या साहाय्याने एका सतरा वर्षांच्या बास्केटबॉल खेळणाऱ्या मुलाच्या गुडघ्यातील उपास्थीचा केवळ फाटलेला भाग काढला. टोकिओ ऑलिंपिकच्या वर्षी, १९६४ मध्ये, जपानमध्ये आलेले कॅनडाचे रॉबर्ट जॅक्सन हे तंत्र शिकले व त्यांनी त्याचा पश्चिमेत प्रसार केला. या साधनामुळे जखम लहान झालीच. शिवाय फाटलेला तुकडाच तेवढा काढणे, आणि रक्तपुरवठा असलेल्या बाहेरील कडेची फाट शिवणे शक्य झाले. अशा रीतीने ॲनंडेल यांची कल्पना जवळजवळ शतकानंतर पुन्हा प्रतिष्ठा पावली.

खांदा व कोपर : वारंवार निखळणाऱ्या खांद्यात खोबणीच्या पुढील कडेची उपास्थी व संधिकोश सुटलेले असतात, हे इंग्लंडचे ब्लंडेल बँकार्ट यांनी १९२३ मध्ये निदर्शनास आणले आणि ती कड पुन्हा हाडाला जोडण्याची शस्त्रक्रिया रूढ केली. हिपॉक्राटीझ-परंपरेने डाग देऊन जे साधण्याचा प्रयत्न केला, ते येथे शारीराच्या निश्चित ज्ञानावर साधले गेले.

कोपराच्या बाहेरील बाजूच्या दुखण्याचे वर्णन जर्मन वैद्य रुंगे यांनी १८७३ मध्ये केले. लॉन टेनिसच्या प्रसारानंतर १८८३ पासून त्याचा टेनिसशी संबंध जोडला गेला. या विकारात सांध्यापेक्षा मनगट मागे वळविणाऱ्या स्नायूंची कंडरा अधिक बिघडलेली असते. १९५० नंतरच्या दशकांत त्यावर कॉर्टिसोन वर्गातील औषधांची अंतःक्षेपणे सर्रास दिली जाऊ लागली. काही आठवडे वेदना चटकन थांबत. पण काही महिन्यांनी असे रुग्ण अंतःक्षेपण न घेतलेल्यांपेक्षा मागे पडतात, असे एकविसाव्या शतकातील तुलनात्मक चाचण्यांत दिसले. सचिन तेंडुलकर यांच्या कोपरावर २००५ मध्ये लंडन येथे झालेल्या शस्त्रक्रियेमुळे हा विकार महाराष्ट्रात घरोघरी माहीत झाला.

कोपराच्या आतील बाजूचा अस्थिबंध तुटल्यास बेसबॉलमधील गोलंदाजाची कारकीर्द संपली असे मानले जाई. अमेरिकेतील फ्रँक जोब यांनी २५ सप्टेंबर १९७४ रोजी टॉमी जॉन या खेळाडूच्या दुसऱ्या हाताच्या मनगटातील कंडरा काढून तिचा नवा अस्थिबंध घडविला. जॉन १९७६ मध्ये मैदानावर परतले व १९८९ पर्यंत खेळत राहिले. या शस्त्रक्रियेस आज त्यांच्याच नावाने ओळखले जाते.

घोटा व प्रथमोपचार : घोट्याचे मुरगळणे ही खेळांतील अतिशय सामान्य इजा होय. पाऊल आत वळून बाहेरील बाजूचा अस्थिबंध ताणला जातो. अमेरिकन वैद्य गेब मर्किन यांनी १९७८ मध्ये विश्रांती, बर्फ, दाबपट्टी व अवयव उंच ठेवणे ही चतुःसूत्री मांडली आणि ती इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘राइस’ या नावाने जगभर पसरली. पुढे स्वतः मर्किन यांनीच बर्फ व संपूर्ण विश्रांती यांविषयीचे आपले मत बदलले. कारण सूज हा भरून येण्याच्या प्रक्रियेचाही एक भाग असतो. बर्फाने वेदना कमी होतात. सांधा लवकर बरा होतो, असे मात्र सिद्ध झालेले नाही. प्लॅस्टरमध्ये आठवडेच्या आठवडे जखडण्याऐवजी आधारपट्टा, सोसवेल तेवढा भार आणि तोल सांभाळण्याचे व्यायाम यांवर आता भर दिला जातो. मात्र घोट्याच्या हाडाच्या ठरावीक जागा दाबल्यावर दुखत असतील किंवा चार पावलेही टाकता येत नसतील, तर क्ष-किरण चित्र काढणे आवश्यक ठरते. हे निकष कॅनडातील ऑटावा येथे १९९२ मध्ये निश्चित करण्यात आले.

पुराव्याची कसोटी : शस्त्रक्रिया सुलभ झाल्याने ती गरजेपेक्षा अधिक प्रमाणात होऊ लागली. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या फिनलंडमधील चाचणीत वयपरत्वे झिजून फाटलेल्या उपास्थीच्या १४६ रुग्णांपैकी काहींवर प्रत्यक्ष, तर काहींवर केवळ नावापुरती शस्त्रक्रिया करण्यात आली. वर्षअखेर दोन्ही गटांच्या प्रकृतीत उल्लेखनीय फरक नव्हता. हा निष्कर्ष तरुण खेळाडूच्या ताज्या इजेला अर्थातच लागू नाही. स्वीडनमध्ये अग्र स्वस्तिकाकार अस्थिबंध तुटलेल्या १२१ तरुणांवरील चाचणीचे (२०१०) फलित याहून विचारप्रवर्तक आहे. एका गटावर लवकर शस्त्रक्रिया झाली; दुसऱ्याला प्रथम व्यायामोपचार देऊन गरज भासल्यासच शस्त्रक्रिया करण्यात आली. दोन वर्षांनी दोन्ही गटांची स्थिती सारखीच होती आणि दुसऱ्या गटातील निम्म्याहून अधिक जणांना तोवर शस्त्रक्रिया लागली नव्हती. तथापि वेगाने दिशा बदलावी लागणाऱ्या खेळांकडे परतणाऱ्यांना, तसेच ज्यांचा गुडघा वारंवार दगा देतो त्यांना, पुनर्रचना सामान्यतः आवश्यक मानली जाते.

शस्त्रक्रियेनंतरच्या पुनर्वसनातही बदल झाला. पूर्वी गुडघा सहा आठवडे प्लॅस्टरमध्ये राही. १९९० मध्ये शेलबोर्न व निट्‌झ या अमेरिकनांनी लवकर हालचाल व भार देण्याची पद्धत प्रसिद्ध केल्यावर भौतिकी चिकित्सेला उपचारांत शस्त्रक्रियेच्या बरोबरीचे स्थान मिळाले. हालचाल लवकर सुरू करावी. पण खेळाकडे परतण्याची घाई करू नये, हे आजच्या मताचे सार आहे. पुनर्रचनेनंतर नऊ महिन्यांपर्यंत परतणे लांबविल्यास प्रत्येक महिन्यागणिक पुन्हा इजा होण्याचे प्रमाण सुमारे निम्म्याने घटते, असे २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळले.

भारतीय खेळाडू व प्रतिबंध : कबड्डी, खो-खो व कुस्ती या आपल्याकडील लोकप्रिय खेळांत एकदम वळणे, पायाची पकड आणि अंगावर पडणारा प्रतिस्पर्ध्याचा भार यांमुळे गुडघ्याला विशेष धोका असतो. रिओ ऑलिंपिकमध्ये (२०१६) विनेश फोगाट यांचा गुडघा लढतीतच दुखावला व त्यांना मैदानाबाहेर न्यावे लागले. शस्त्रक्रिया व पुनर्वसनानंतर त्यांनी २०१८ च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळविले. असे उपचार नामवंतांना मिळतात. गावच्या मैदानावरील खेळाडू मात्र पुष्कळदा सुजलेला गुडघा बांधून पुढचा सामना खेळतो. अस्थिर गुडघ्यावर खेळत राहिल्याने फाटणारी उपास्थी ही या इजेची दुसरी आणि अधिक महाग हानी असते.

या इजांपैकी बऱ्याच टाळता येतात. उडीनंतर गुडघे किंचित वाकवून व सरळ रेषेत ठेवून उतरणे, मांडीच्या मागील स्नायूंना बळकटी आणणे आणि तोल सांभाळणे यांचा समावेश असलेला सुमारे वीस मिनिटांचा सरावक्रम फुटबॉलसाठी तयार करण्यात आला आहे. नॉर्वेमधील १३ ते १७ वर्षांच्या मुलींवर घेतलेल्या चाचणीत (२००८) या सरावाने गंभीर इजा जवळजवळ निम्म्याने कमी झाल्याचे दिसले. मुलींमध्ये अग्र स्वस्तिकाकार अस्थिबंधाच्या इजेचे प्रमाण मुलांपेक्षा अधिक असल्याने त्यांच्या शिक्षणात या सरावाचे महत्त्व विशेष आहे. त्यासाठी यंत्रसामग्री किंवा मोठा खर्च लागत नाही. शाळेच्या मैदानावर व तालमीत तो सहज करता येण्याजोगा आहे. अडीच हजार वर्षांत सांधे बसविण्याची, शिवण्याची व नव्याने घडविण्याची विद्या वैद्यकाने हस्तगत केली असली, तरी मूळ सांध्याची बरोबरी करील असा सांधा त्याला अद्याप घडविता आलेला नाही.